नालीतला नव्हे, टाक्यातला

दिग्रसमध्ये एखाद्या घरी डेंग्यू निघाला की पहिला फोन नगरपरिषदेत जातो आणि तक्रार ठरलेली असते : "नाली तुंबली हाये, माणूस पाठवा." माणूस येतो. नालीत औषध पडतं. सांज झाली की धुराची मशीन गल्लीतून फिरते, लहान पोरं धुरात मागं पळतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. गल्लीला हायसं वाटतं. डासाच्या ज्या मादीनं त्या घरातल्या मुलीला डेंग्यू दिला, ती या सगळ्या वेळात त्याच घरात खुंटीवरच्या कपड्यांमागं नाहीतर पलंगाखाली बसून असते. तिची अंडी न्हाणीतल्या टाक्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. नालीशी तिचा काही संबंध नसतो.

म्हणून आज सरळ लिहितो. डेंग्यू आला की आपण वर्षानुवर्षं चुकीच्या डासाच्या मागं लागतो. पैसा त्याच्यावर, राग त्याच्यावर, औषधही त्याच्यावर. ज्याचा खरा गुन्हा आहे तो डास मात्र आपण घरातच, झाकण नसलेल्या पाण्यात वाढवतो.

"मच्छर तो मच्छर, त्याची काय जात पाहायची?" असं शिकलेली माणसंसुद्धा विचारतात. माणसाची जात पाहू नये, डासाची पाहिलीच पाहिजे.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात चारशेच्या आसपास. बहुतेकांना माणसाशी काही देणंघेणं नाही. आपली गाठ मुख्यतः तीन कुळांशी पडते. ॲनोफिलिस हा हिवतापाचा. भिंतीवर बसला की डोकं खाली आणि शेपूट वर, असा तिरका बसतो, रात्री चावतो. क्युलेक्स हा नालीचा. तपकिरी, दिसायला साधा, रात्री कानाशी गुणगुणून झोप मोडणारा. तुंबलेल्या गटारात, सेप्टिक टँकमध्ये त्याची पैदास होते आणि हत्तीरोग तो पसरवतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे सुजलेले पाय घेऊन जगणाऱ्या माणसांना विचारा. तिसरा एडिस. काळा, पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे, आकारानं लहान, आवाज जवळजवळ नाहीच. तो दिवसा चावतो, स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यू फक्त हाच देतो. नालीतल्या क्युलेक्सनं तुम्हाला रात्रभर फोडून काढलं तरी त्याच्यामुळं डेंग्यू होणार नाही.

असं का, हे समजून घेणं गरजेचं आहे. डास काही इंजेक्शनची सुई नव्हे की एकाचं रक्त सुईला लागलं आणि दुसऱ्याच्या अंगात गेलं. डेंग्यूच्या रुग्णाचं रक्त मादी पिते, ते तिच्या पोटात जातं. तिथल्या पेशींमध्ये विषाणूला शिरकाव मिळावा लागतो, तिथं तो वाढावा लागतो, मग अंगभर पसरून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचावा लागतो. या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. एडिसच्या शरीरात ही वाट त्याला मोकळी मिळते. क्युलेक्सच्या पोटात ती बंद असते. विषाणू तिथंच संपतो. एकदा का विषाणू लाळेत उतरला की ती एडिस मादी मरेपर्यंत, म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे, ज्याला चावेल त्याला तो देऊ शकते. नर चावतच नाही. मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं. त्यातही एडिसची मादी एका जागी पोटभर पीत नाही. जरा हात हलला की उठते, दुसऱ्याला चावते, तिथून तिसऱ्याला. एका घरात एकाच आठवड्यात दोघं-तिघं तापानं पडतात, त्यामागं अनेकदा एकच मादी असते.

या बाबतीत विज्ञानाचीही सुरुवात चुकीनंच झाली होती. १९०३ साली बैरूतमध्ये हॅरिस ग्रॅहम या डॉक्टरनं डेंग्यू डासांमुळं पसरतो असं प्रयोगानिशी मांडलं. गोष्ट मोठी होती. पण त्यानं बोट दाखवलं ते क्युलेक्सकडे. १९०७ साली मनिलामध्ये ॲशबर्न आणि क्रेग या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी हा आजार जिवाणूपेक्षाही सूक्ष्म, गाळणीतून निसटणाऱ्या विषाणूचा असल्याचं दाखवलं, पण डास म्हणून त्यांनीही क्युलेक्सच धरला. त्याच्या एक वर्ष आधी, १९०६ मध्ये, ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्टनं सांगितलं होतं की हा दिवसा चावणाऱ्या एडिसचा उद्योग दिसतो. पुढं दहा वर्षांनी क्लेलँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलँडचे डास सिडनीला नेऊन ते पक्कं केलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हा वाद निकालात निघाला. विज्ञानानं आपली चूक दहा-बारा वर्षांत दुरुस्त केली. आपल्या गल्लीत मात्र अजून १९०३ साल चालू आहे.

आता कूलर.

विदर्भातल्या डेंग्यूबद्दल बोलताना कूलर टाळून बोलता येत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४४-४५ वर जातो. कूलर ही चैन नाही, तो नसेल तर म्हातारी माणसं उष्माघातानं जातील. खिडकीला लावलेला पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा कूलर, खाली पाण्याचा टब. टबात रोज पाणी ओततो, पण टब रिकामा कधी करतो? गवताच्या पट्ट्या बदलताना, म्हणजे वर्षातून एकदा. मृग लागला, चार पाऊस पडले, हवा गार झाली की कूलर बंद होतो. बंद होतो म्हणजे बटण बंद होतं. टबात चार बोटं पाणी तसंच राहतं, वरून पावसाचं पडतं. जून, जुलै, ऑगस्ट. खिडकीच्या बाहेर, सावलीत, माणसापासून हातभर अंतरावर, स्वच्छ आणि स्थिर पाणी. एडिसला याहून जास्त काही लागत नाही.

त्याहून वाईट गोष्ट पाणी आटल्यावर घडते. एडिस मादी अंडी पाण्यावर तरंगत सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला ती एकेक अंडं चिकटवते. काळी, बारीक, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पाणी आटलं, टब वाळला, तरी ती अंडी मरत नाहीत. सहा-सहा महिने, कधी त्याहूनही जास्त काळ ती कोरडी तग धरतात. दिवाळीत कूलर माळ्यावर गेला. मार्चमध्ये खाली आला. आपण फडक्यानं धूळ पुसली आणि पाणी भरलं. पाणी अंड्यांना शिवलं की त्यातून अळ्या बाहेर पडू लागतात आणि ७ ते १० दिवसांत उडणारे डास तयार होतात. गेल्या वर्षीचा डेंग्यूचा डास आपण स्वतःच्या माळ्यावर सांभाळून ठेवलेला असतो. इतकंच नाही. लागण झालेल्या मादीच्या काही अंड्यांतून विषाणूही पुढच्या पिढीत उतरू शकतो, हे संशोधनात दिसलं आहे.

म्हणून 'कोरडा दिवस पाळा' ही सरकारी सूचना अर्धीच आपल्या कानावर पडते. लोक टाकं रिकामं करतात आणि लगेच भरतात. रिकामं करून अळ्या जातात, अंडी राहतात. टाकं घासावं लागतं. काथ्यानं, ब्रशनं, जे हाताशी असेल त्यानं, पाण्याच्या रेषेपासून वरपर्यंत जोर लावून. मग उन्हात किंवा हवेत वाळू द्यावं. न घासता पाळलेला कोरडा दिवस वाया गेला असं समजा.

मला ठाऊक आहे यावर काय उत्तर येईल. "नळ येतो कधी ते आधी विचारा, मग पाणी फेकायला सांगा." हे उत्तर बरोबर आहे. ज्या बाईनं रात्री जागून, रांग लावून ड्रम भरले, तिला ते पाणी ओतून दे म्हणणं हा अन्याय आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरानं काय भोगलं ते जिल्हा विसरलेला नाही. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली होती आणि लोक टँकरच्या मागं धावत होते. अशा वेळी घरात जी भांडी सापडतील ती भरून ठेवली जातात. टाकं, हौद, ड्रम, रांजण, बादल्या, शेवटी जुन्या रंगाचे डबेसुद्धा. नळ जितका अनियमित, तितकी घरात भांडी जास्त आणि तितका एडिस जास्त. डेंग्यूचं मूळ शोधत गेलात तर वाट पाणीपुरवठ्याच्या दारात जाते, आरोग्य विभाग नंतर येतो. दिग्रसच्या उशाला अरुणावतीचं धरण आहे आणि घराघरात आठवड्याचं पाणी साठवलेलं आहे, ही गोष्ट मला सहन होत नाही.

त्या धरणाबद्दल आणखी एक. डेंग्यू वाढला की कुणीतरी अरुणावतीकडे आणि धावंडा नदीकडे बोट दाखवतो. उगाच. मोठं, उघडं, लाटा आणि मासे असलेलं पाणी एडिसला नको असतं. धावंडेच्या पात्रात कचरा टाकणं हा गुन्हाच आहे, आणि त्या कचऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या ग्लासात, फुटक्या टायरात साचलेल्या पाण्यात तो जरूर वाढेल. पण वाहत्या नदीत नाही. त्याला भांडं लागतं. माणसानं बनवलेलं, माणसाजवळचं भांडं.

पुण्या-मुंबईतली माणसं डेंग्यूला अजून शहरी आजार म्हणतात. एडिसला शहर आणि खेडं कळत नाही, त्याला नळ आणि टाकं कळतं. सिमेंटचं टाकं, प्लॅस्टिकचा ड्रम आणि कूलर खेड्यात पोचले, त्यांच्या मागोमाग हा डासही पोचला. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या गावात महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. पन्नाशीतली एक बाई. तिला चिकनगुनियाही झाला होता. झिका, चिकनगुनिया, डेंग्यू हे तीन वेगळे विषाणू, पण त्यांना पोचवणारा हात एकच, एडिस. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची माणसं तिथं गेली, घरोघरी पाणी तपासलं गेलं. बेलसर हे काही महानगर नाही. दिग्रसपेक्षा कितीतरी लहान गाव आहे ते. २००६ च्या चिकनगुनियानं आपल्याकडची गावंच्या गावं कुबडी करून सोडली होती. सांधे धरून चालणारी माणसं ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल, आणि २०२४ मध्ये नागपुरात तीच दुखणी पुन्हा उसळली.

एडिसमध्येही दोन आहेत. आतापर्यंत ज्याच्याबद्दल बोललो तो एडिस इजिप्ती. मूळचा आफ्रिकेचा, जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेलेला, आता पुरता घरकोंबडा. त्याच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी नक्षी असते. दुसरा एडिस अल्बोपिक्टस. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ. हा आशियाचाच. तो घराबाहेर राहतो. झुडपांत, बांबूच्या पोकळ खुंटांत, झाडाच्या ढोलीत, करवंटीत, बागेतल्या कुंडीखालच्या ताटलीत. केरळात रबराच्या मळ्यांत चीक धरायच्या वाट्यांमध्ये पावसाचं पाणी साचतं. तिथं डेंग्यूला हाच पुरेसा ठरतो. २०१४ साली टोकियोच्या योयोगी बागेत फिरायला गेलेल्या माणसांना डेंग्यू झाला, तोही याच्यामुळंच. पण एकंदर हिशेबात हा दुय्यम. जनावरांनाही चावतो, पक्ष्यांनाही, त्यामुळं त्याचं प्रत्येक जेवण माणसावर होत नाही. इजिप्तीला माणूसच हवा असतो. ज्यांच्या घरामागं बाग आहे, गोठा आहे, बांबू आहे त्यांनी अल्बोपिक्टसचा विचार करावा. बाकीच्यांनी आधी न्हाणीत जाऊन टाक्यात वाकून पाहावं.

पाहायचं कसं? सकाळी, बॅटरी घेऊन. पाण्यात वळवळणारे बारीक किडे दिसतात, धक्का लागला की झटकन खाली जातात आणि श्वासासाठी परत वर येतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत ते दिसतात आणि "पाण्यात किडे पडले" म्हणून पाणी फडक्यानं गाळून घेतलं जातं. ते किडे म्हणजे आठवडाभरात उडणारे डास आहेत, हे त्या घरात कुणी सांगितलेलंच नसतं. आशाताई दारोदार फिरतात, त्या सांगतात, पण त्यांच्याशी आपण दारातूनच बोलतो. न्हाणीपर्यंत कुणी येऊ देत नाही. येऊ द्या.

धुराबद्दल माझं मत कडक आहे. धुराची मशीन संध्याकाळी फिरते; इजिप्ती तेव्हा आपलं दिवसाचं काम आटोपून घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात बसायला गेलेला असतो. गाडी येताना दिसली की आपण दारं-खिडक्या लावतो. धूर रस्त्यावर राहतो, डास घरात. जे डास मरतात ते त्या क्षणी उडणारे, बहुतेक नालीतले. अंडी, अळ्या, कोश यांना धूर काहीच करत नाही. आठवडाभरात नवी फौज तयार. मोठ्या साथीत, रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या घरांत, दारं उघडून आतून केलेल्या धुराचा थोडा उपयोग होतो. रस्त्यावरून फिरणारी मशीन मात्र लोकांचं समाधान करण्यापुरती आहे. आणि यवतमाळ जिल्ह्याला कीटकनाशकाची किंमत कुणी शिकवायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर विषबाधेनं गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. विष जिथं लागतं तिथं, लागतं तेवढंच वापरावं, हे हा जिल्हा माणसं गमावून शिकला आहे. मग तेच लहान मुलांच्या नाकात कशाला सोडायचं?

यात सरकारी सवयीचाही दोष आहे. आपली सगळी यंत्रणा हिवतापाभोवती उभी राहिली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली तो निर्मूलनाचा झाला, घराघरात डीडीटी फवारलं गेलं, त्यातून लाखो जीव वाचले. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण तो रात्रीच्या डासाशी चाललेला लढा होता. संध्याकाळी दारं लावा, रात्री मच्छरदाणी बांधा, हे त्याच काळातलं शिक्षण आपल्या हाडीमाशी मुरलं आहे. जिल्ह्यातलं कार्यालय आजही हिवतापाच्याच नावानं चालतं आणि डेंग्यूचं कामही तेच करतं. एडिसचा जोर सूर्य उगवल्यावर दोनेक तास आणि मावळण्याआधी काही तास असतो. तेव्हा पोरं शाळेत असतात, बाया टाक्याजवळ धुणं-भांडी करत असतात, दुकानदार काउंटरखाली पाय टाकून बसलेला असतो. रात्रीची मच्छरदाणी यातल्या कुणाच्या कामाची? शाळांनी आपली पाण्याची टाकी, गच्चीवरचं भंगार, न वापरलेल्या संडासातल्या टाक्या तपासल्या पाहिजेत. दारव्हा-पुसद मार्गावरच्या पंक्चरच्या दुकानांनी टायर आडवे करून पावसात ठेवू नयेत. पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं पाणी धरून उभ्या असतात, हे सगळ्या महाराष्ट्रातलं दृश्य आहे. त्या झाका, नाहीतर विकून टाका.

मच्छरदाणी डेंग्यूतही लागते, पण दिवसा, आणि रुग्णाला. ही गोष्ट मी वाटेल तितक्या वेळा सांगायला तयार आहे, कारण ती जवळजवळ कुणी करत नाही. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत माणसाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. तेवढे दिवस तो घरात, दिवसाउजेडी, खाटेवर पडून असतो. घरातल्या निर्दोष एडिस माद्या त्याला चावतात आणि विषाणू उचलतात. आठ-दहा दिवसांनी त्याच माद्या धाकट्या भावाला, आजीला, शेजारच्या काकूंना चावतात. एडिस फार लांब उडत नाही. शंभर-दोनशे मीटर, फार तर चारशे. म्हणून डेंग्यू गल्लीगल्लीनं पसरतो. ताप आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून दिवसाही मच्छरदाणीत झोपवलं तर ही साखळी तुटते. त्याला काहीच खर्च येत नाही. मच्छरदाणी घरात असतेच.

आजारपणाबद्दलही थोडं, कारण तिथंही आपण भलतीच गोष्ट मोजत बसतो. प्लेटलेट. रोज आकडा, रोज घाबरगुंडी, पपईच्या पानांचा रस, ओळखीच्या माणसाला फोन. प्लेटलेट कमी होतात हे खरं, पण डेंग्यूत माणूस बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्यानं जातो. आणि हे ताप उतरताना घडतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप उतरला म्हणून घरी जल्लोष होतो, नेमकी तीच वेळ धोक्याची. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं. यातलं एकही दिसलं की ग्रामीण रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. तापाला पॅरासिटामॉल घ्यावी. अंगदुखीसाठी मेडिकलवरून अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणू नये, त्यानं रक्तस्राव वाढतो. पाणी, ताक, ओआरएस भरपूर द्यावं. आणि "मला एकदा होऊन गेला" म्हणून निश्चिंत राहू नये. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत; एकाची लागण होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकारची झाली तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो.

आकड्यांचा घोळही मोकळेपणानं बोलायला हवा. खाजगी दवाखान्यात पट्टीवरची झटपट चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की गावात "डेंग्यूचे पन्नास पेशंट" अशी बातमी होते. सरकारी यादीत मात्र एलायझा चाचणीनं पक्का झालेलाच रुग्ण मोजला जातो. म्हणून गावाचा आकडा वेगळा, कार्यालयाचा वेगळा, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. २०२३ साली देशात सुमारे २ लाख ८९ हजार रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले. हे फक्त नोंदलेले. भांडण्याऐवजी खाजगी डॉक्टरांनी प्रत्येक संशयित रुग्णाचा पत्ता त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवावा आणि आरोग्य विभागानं चाचणीच्या निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी त्याच्या आसपासच्या घरांची टाकी तपासावी. निकाल यायला चार दिवस लागले तर डास चार दिवस थांबत नाही.

हे शक्य आहे का? १९०१ साली क्यूबाची राजधानी हवाना इथं झालं होतं. त्या शहरात याच एडिस इजिप्तीमुळं पीतज्वर होता, दरसाल माणसं मरत होती. विल्यम गॉर्गस या डॉक्टरच्या माणसांनी घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासली, झाकली, नको असलेलं पाणी ओतलं, साचलेल्या पाण्यावर तेल सोडलं, अळ्या सापडल्या त्या घरांना दंड केला. त्या वर्षाअखेर शहरातला पीतज्वर संपला. डीडीटी तेव्हा नव्हतं. धुराच्या गाड्या नव्हत्या. डास कोणता आणि तो कुठं जन्मतो एवढं त्यांना ठाऊक होतं. आज इंडोनेशियात, सिंगापुरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू घातलेले डास सोडून डेंग्यू कमी करण्याचं काम चाललं आहे, आपल्याकडे पुद्दुचेरीतल्या संस्थेनंही त्यावर काम केलं आहे. चांगलं आहे. येईल तेव्हा येईल. तोवर काथ्या आहे.

नाली साफ करू नका असं मी म्हणत नाही. करा, दर आठवड्याला करा. नालीतला डास झोप मोडतो, हत्तीरोग देतो, आणि घाण घाणच असते. पण नाली साफ केली म्हणून डेंग्यूचं काम केलं, असं नगरपरिषदेनं म्हणू नये आणि आपणही ते मान्य करू नये.

नगरपरिषदेकडे मागणं सोपं आहे. पाणीपुरवठा विभाग आणि आरोग्य विभाग एका टेबलावर बसवा. कोणत्या प्रभागात नळ कधी येणार याचं वेळापत्रक लावा आणि ते पाळा. नळ येण्याच्या आदल्या दिवशी टाकी तळाला गेलेली असतात. तोच त्या प्रभागाचा कोरडा दिवस जाहीर करा, म्हणजे कुणाला एक बादलीही फेकावी लागणार नाही. त्या दिवशी भोंगा फिरवा, आशाताई आणि आरोग्यसेवकांना घरात पाठवा. जी टाकी रिकामी होतच नाहीत त्यांत ॲबेट हे अळीनाशक टाका, विहिरी आणि मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडा. किती घरं तपासली आणि किती घरांत अळ्या सापडल्या हा आकडा प्रभागवार नगरपरिषदेच्या फलकावर दर आठवड्याला लिहा. नगरसेवकानं धुराच्या मशीनशेजारी उभं राहून फोटो काढण्यापेक्षा आपल्या प्रभागातला तो आकडा खाली आणावा. मत मागायला येईल तेव्हा आपण तोच विचारू.

आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणं त्याहून सोपं आहे. खिडकीबाहेरचा कूलर बंद असेल तर आज टब काढा, घासा, उन्हात पालथा घाला. टाक्यावर जुन्या लुगड्याचं कापड दोरीनं ताणून बांधा. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहा, गच्चीवरची फुटकी बादली खाली आणा. नळाच्या आदल्या दिवशी टाकं घासा, दर आठवड्याला, दिवाळी होईपर्यंत. घरात ताप आला तर त्या माणसाला दिवसा मच्छरदाणी द्या. आणि शेजारच्या घरीही हेच सांगा, कारण त्यांच्या टाक्यातला डास तुमच्या घरापर्यंत सहज उडतो.